गोंदियात चालते, गावात रुसते

गोंदिया जिल्ह्यातली जमीन कुठे किती उतरते हे मोजणीवाल्यांपेक्षाही नेमकं ठाऊक असलेला एकच माणूस आज हयात आहे, आणि ते म्हणजे माझ्या ताईचे सासरे. आमचा मुलूख धानाचा. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी उभं राहिलं पाहिजे म्हणून इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन सपाट करत आणलेली. अशा मुलखात उतार शोधायचा म्हणजे टकलावर भांग पाडायचा. पण मामाजींना तो सापडतो. (ताई त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो.) कुठल्या तलावाची पाळ गाडी चढवण्याइतकी रुंद आहे, कुठल्या मोरीच्या अलीकडे रस्ता हातभर खाली जातो, कुठल्या राईस मिलसमोर ट्रकांनी दाबून दाबून चांगली घसरण तयार केली आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा पाहुण्यांना घेऊन ते चोरखमाऱ्याचा तलाव दाखवायला गेले. पाहुणे पाण्याकडे बघत होते आणि हे पाण्याकडे पाठ करून पाळीवरून खाली जाणारा रस्ता बघत होते. "का झकास उतार काढला आहे बाप्पा," एवढंच ते म्हणाले. परतताना गाडीत कोणी पाण्याचं नाव काढलं, तेव्हा तिथे पाणीही होतं हे त्यांना कळलं.

या सगळ्याचं कारण त्यांची गाडी. गाडी माझ्याहून वयाने बरीच मोठी. गोल नाकाची, गोल पाठीची, रंगाने सायीसारखी. एक साहेब निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा मामाजींनी ती घेतली, आणि वर्षाच्या आत तिला एक आजार जडला. तिचा सेल्फ लागत नाही. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला गरका देते ती मोटर म्हणजे सेल्फ. मामाजींनी किल्ली फिरवली की आतून फक्त 'टक' असा आवाज येतो, कोणीतरी दारावर एकदाच थाप मारून निघून गेल्यासारखा. मग एकतर उतार लागतो, नाहीतर माणसं.

ताईला बघायला ते आमच्या गावी आले तेव्हा गाडी अर्धा कोस लांब तलावाच्या पाळीवर उभी करून धुळीतून पायी आले. एवढी गाडी असलेला माणूस मुलीच्या बापाकडे पायी येतो, या नम्रतेने माझे बाबा विरघळले. पोहे झाले, पाणी झालं. मामाजींनी मुलीला एक प्रश्न विचारला नाही. पाण्याचा पेला घेऊन ते उठले, बाहेर गेले आणि उरलेलं पाणी आमच्या गल्लीत हळूच ओतलं. बाबांना वाटलं ही त्यांच्याकडची काही रीत असेल. त्यांनीही आपला पेला आणून शेजारी ओतला. दोन्ही पाणी मिळून तुरुतुरु वेशीकडे निघालं. ते बघून मामाजी म्हणाले, "सोयरीक पक्की समजा." आमची ताई बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, दिसायला चांगली होती, स्वयंपाकाला तर विचारूच नका. पण खरं सांगायचं तर तिला त्या घरी दिली ती गल्लीच्या उताराने.

माणसांबद्दलही मामाजींचं एकच माप. आडनाव नाही, जमीन नाही, पक्ष नाही. माणूस गाडीला धक्का कसा मारतो ते बघायचं. काही लोक म्हणे बोटांनी ढकलतात, काही नुसता हात ठेवून चालतात आणि तोंडाने जोर करतात, आणि काही खरे ढकलणारे असतात, ते मान खाली घालून ढकलतात, त्यांना पोरगी द्यावी. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या सात पिढ्यांत पदवी मिळवलेला पहिला माणूस मी, हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण कुठेतरी लिहायलाच पाहिजे. पेढे घेऊन ताईकडे गेलो तर मामाजी गाडीतच बसलेले. त्यांनी खिडकीतून पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "चांगलं झालं बाबू. आता मांगून हात लाव." माझ्या पदवीचा तो पहिला उपयोग.

आता कोणी म्हणेल, एवढी वर्षं कोणी मिस्त्री बोलावला नाही का? तिथेच तर गंमत आहे. फार पूर्वी एका मिस्त्रीच्या हातून पाना निसटला आणि मडगार्डवर नखाएवढा ओरखडा उठला. त्या दिवसापासून कोणाही मिस्त्रीने गाडीला हात लावायचा नाही असा नियम झाला. मग मामाजी स्वतः गाडीखाली शिरून सेल्फ काढायचे, धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळायचे आणि नातवाला दवाखान्यात न्यावं तसा मांडीवर घेऊन बसने गोंदियाला न्यायचे. खिडकीजवळची जागा त्याला. गोंदियाचा मिस्त्री तो शिकंज्यात आवळायचा, बॅटरीच्या दोन वायरी थेट त्याच्या अंगाला लावायचा, आणि सेल्फ असा घर्रर्र करून फिरायचा की दुकानातली माणसं मान वळवून बघत. "चाचा, ये तो एकदम फर्स्ट क्लास है," मिस्त्री म्हणायचा. "मेरे घुटने से अच्छा घूम रहा है." मामाजी खुशीत परत यायचे, सेल्फ जागेवर बसवायचे, किल्ली फिरवायचे. टक.

हे एकदा नाही, वर्षानुवर्षं झालं. मिस्त्री बदलले, बॅटऱ्या बदलल्या, दोनदा सेल्फही नवा आणला. जुने सेल्फ फेकायचा प्रश्नच नव्हता, कारण ते गोंदियात चालत होते. ते बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवले गेले, ताईच्या लग्नातल्या काचेच्या सेटशेजारी. शेवटी मामाजींनी स्वतःच निदान केलं. "हा सेल्फ गोंदियात चालते अन् गावात रुसते. शहराची हवा लागली त्याले." ताईचा नवरा नागपूरला नोकरी करतो आणि शनिवारी घरी येतो. ही टीका सेल्फवर होती की त्याच्यावर, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मीही बोललो नाही. मुलीकडचा माणूस, त्यातून धाकटा. ताईच्या सासऱ्याला तुमचं चुकतंय म्हणायचं म्हणजे त्याचं व्याज ताईने स्वयंपाकघरात भरायचं. मी पुढे एम.एस्सी. करून कॉलेजात पोरांना वीज शिकवत होतो आणि ताईकडे गेलो की मान खाली घालून ढकलत होतो.

पण या गाडीला सगळ्यांत जास्त कोणी ढकललं असेल तर मामीजींनी, म्हणजे ताईच्या सासूने. सकाळच्या वेळी दुसरं माणूस मिळत नाही, तेव्हा मामाजी स्टिअरिंगवर आणि मामीजी मागे, हे ठरलेलं. पदर कंबरेला खोचायचा, दोन्ही तळवे डिकीवर टेकवायचे आणि जोर लावायचा. इंजिन खाकरून सुरू झालं की मामाजी थांबत नसत, थांबलं तर पुन्हा बंद पडेल ही भीती. मामीजी मागचं दार धरून पळत पळत आत उडी घेत. अशा उड्या मारत त्या दवाखान्यात गेल्या, बाजारात गेल्या, घरात मुंजीची रीत नव्हती म्हणून, नाहीतर शालू नेसून पोराच्या मुंजीलाही तशाच गेल्या असत्या. गावातल्या बायका सांगतात की मामीजींना गाडीतून उतरताना खूपदा पाहिलं, पण उभ्या गाडीत चढताना कोणी पाहिलं नाही.

मागच्या भादव्यात त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरने चालायलाही जपून सांगितलं. मामीजी घरी आल्या, पाटावर बसल्या आणि भाजी निवडता निवडता आवाज न चढवता म्हणाल्या, "अजी, यंदा दसऱ्याले मले माहेरी न्या. या गाडीत. म्या पुढं बसीन, उतरनार नाई, ढकलनार नाई. जमत नसंल त दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याले बोलावीन. गाडीच्या जागी धानाची पोती ठेवता येतीन."

ही मागणी साधी नव्हती. मामीजींचं माहेर परातीसारखं सपाट. तिथे गाडी नेली तर निघताना ढकलायला सासुरवाडीची माणसं लागणार, आणि मेहुण्यांकडून गाडी ढकलून घेणारा जावई म्हणून मामाजींना उरलेलं आयुष्य काढायचं नव्हतं. म्हणून लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मामीजी माहेरी गेल्या त्या प्रत्येक वेळी बसने, आणि फाट्यावरून पायी. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी त्याकडे त्या नजरेने बघितलं नव्हतं.

मामाजींचं धाबं दणाणलं. मामीजी बोलतात कमी, पण बोललं ते करतात. एका मिजासखोर रेड्याला त्यांनी असंच एकदा सांगून बाजार दाखवला होता. मामाजी दिवसातून दोनदा गाडी धुऊ लागले, जणू रोग मळाने झाला होता. चहा गाडीत, पेपर गाडीत. ताईने मला फोन केला. म्हणाली, "मामाजी कालपासून गाडीचे फोटो काढून राहिले रे. चारी बाजूनं. तू वीज शिकवते न? मंग ये."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रजिस्टरवर सही करून मीटर घेतला आणि रविवारी पोहोचलो. पहिल्याच फटक्यात मी तोंडघशी पडलो. मोठ्या रुबाबात सांगितलं की बॅटरी कमजोर आहे. मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत. मामाजींनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "डिग्री वापस घेतेत का रे ते?"

मग मी शाळकरी पोरासारखा सुरुवातीपासून लागलो. दिवे लावले, प्रखर. हॉर्न वाजवला, शेजारची म्हैस उठून उभी राहिली. दिवे चालू ठेवून मामाजींना किल्ली फिरवायला सांगितली. टक. दिवे जराही मंद झाले नाहीत. सेल्फ हा खादाड असतो, तो जेवायला बसला की बाकीच्यांच्या ताटात कमी पडतं. इथे कोणाच्याच ताटात कमी पडलं नव्हतं. म्हणजे हा उपाशी होता. वायर तर तपासली, जाड आणि नवीकोरी. मी विचार करत चोकच्या मुठीकडे, जिची तार पुढे इंजिनापर्यंत जाते, हात नेला, तर मामाजी म्हणाले, "तिले हात नको लावू. चटका बसंल."

"चटका काऊन?"

"किल्ली फिरवली का ते गरम होते. जुन्या गाडीले असते तसा ताप. थंडीत बरं वाटते, म्या हात शेकतो."

मी तिथेच जमिनीवर बसलो. आमच्या वर्गात कोणा पोराने हे सांगितलं असतं तर त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. वीज बॅटरीतून सेल्फपर्यंत जाते एवढं सगळ्यांना कळतं, पण तिला परतही यावं लागतं, हे कोणी लक्षात घेत नाही. सेल्फ इंजिनाला आवळलेला. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. परतीचा तोच हमरस्ता. तो बंद झाला की वीज चोकच्या काडीएवढ्या तारेतून घुसते, मोठा रस्ता खोदला की आपल्याकडे बैलगाड्या बांधावरून जातात तशी. तार तापते, सेल्फला पुरत नाही. गोंदियात मिस्त्री दुसरी वायर थेट सेल्फच्या अंगाला लावायचा. म्हणून तो तिथे फिरायचा. सेल्फला हवा लागली नव्हती की पाणी लागलं नव्हतं. परतीची वाट नव्हती.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्यावर आणि दुसरं इंजिनावर टेकवलं. काटा जवळजवळ शून्यावर राहायला पाहिजे. मामाजींनी किल्ली फिरवली आणि काटा अख्ख्या बॅटरीच्या आकड्यावर जाऊन आपटला. मग ट्रॅक्टरची जाड वायर आणली, बॅटरीच्या उण्यापासून सरळ इंजिनाला धरली. म्हटलं, "आता मारा."

घर्रर्र झालं आणि गाडी सुरू झाली. उभ्या जागी. कोणी हात न लावता. मामाजी स्टिअरिंग धरून बसून राहिले. बराच वेळ त्यांना पुढे काय करायचं असतं तेच आठवेना.

वायर काढली आणि मी पट्टी बघायला खाली शिरलो. पट्टी शाबूत. पण तिचा बोल्ट खोलला तेव्हा खाली जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. दर दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुतात, हार घालतात. मामाजी तेवढ्यावर थांबत नसत. ते बॉनेट उघडून आतला एकेक बोल्ट खोलायचे, त्याच्या खालीही ऑइलपेंटचा हात मारायचे, आणि वाळल्यावर बोल्ट परत आवळायचे. बोल्टाखाली गंज बसतो आणि कोणाला दिसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्या एका टिकलीएवढ्या जागेवर काळा, वर राखाडी, वर फाटकाचा उरलेला हिरवा, वर पुन्हा काळा, असे थरावर थर बसले होते. वीज बिचारी दर दसऱ्याला आणखी एका भिंतीआड जात होती.

मी पॉलिश पेपर काढला तर मामाजींनी माझं मनगट धरलं. "घासशील त गंज लागंल."

"नाही घासलं तर भंगारवाला लागेल," मी म्हटलं. मुलीकडचा माणूस म्हणून हे माझं पहिलं उलट उत्तर.

त्यांनी मनगट सोडलं. पेपर मात्र माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः घासायला बसले. दोनदा घासलं की थांबून बोटाने चाचपत होते. हिरवा गेला, राखाडी गेला, शेवटी रुपयाएवढं लोखंड चकाकलं. मी पट्टी आवळली, वरून व्हॅसलीन चोपडलं म्हणजे गंज येणार नाही असं दोनदा समजावलं. त्यांनी तिसऱ्यांदा चोपडलं. किल्ली फिरवली. घर्रर्र. चोकची मूठ थंडगार.

मामीजी ओसरीत खांबाला टेकून हे सगळं ऐकत होत्या. त्या लंगडत आल्या, जमिनीवर पडलेली रंगाची खपली उचलली आणि उजेडात धरून पाहिली. "म्हंजे एवढे साल म्या या रंगापायी पळाली," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. ताई पटकन आत गेली. मामाजी पुसलेलंच मडगार्ड परत पुसू लागले.

दसऱ्याला आम्ही निघालो. मामीजी पुढे. ताई आणि मी मागे. वेळ आली तर धक्क्याला माणूस हवं म्हणून मला घेतलं होतं, माझ्या विज्ञानावर एवढाच विश्वास. मामीजींनी दार उघडून आत पाय ठेवला, बसल्या, साडी नीट केली, दार ओढून घेतलं. नवरी बसते तेवढा वेळ घेतला. किल्ली फिरली, गाडी निघाली. त्या दोन्ही बाजूंची शेतं अशी बघत होत्या जणू ती त्यांनी आधी पाहिलीच नव्हती. पुढच्या काचेतून खरंच पाहिली नसावीत.

माहेरी आता आई नाही, वडील नाहीत. थोरले भाऊ आहेत, तेही थकलेले. त्यांनी गाडीला हात लावून पाहिला आणि बहिणीला म्हणाले, "बाई, गाडीनं आली वो." सोनं वाटलं, जेवणं झाली, मामाजींनी चार माणसांना विनाकारण बाहेर बोलावून सेल्फ मारून दाखवला. उन्हं उतरायला लागली तसे आम्ही निघालो. मी आणि ताई मागे बसलो. भावजय मामीजींना कुंकू लावत होती. मामाजींनी किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू झाली आणि त्यांनी सवयीने तशीच पुढे काढली.

दहा-वीस पावलं गेल्यावर ताईने मागच्या काचेतून पाहिलं आणि माझा दंड धरला. मामीजी गाडीच्या मागे, भर रस्त्यात उभ्या होत्या. पदर कंबरेला खोचलेला. दोन्ही हात पुढे, डिकी जिथे होती त्या उंचीवर, तळवे उघडे. त्यांनाही आपण तिथे कशा आलो ते कळलं नसावं. भाऊ, भावजय, शेजारपाजार, कोणी हसलं नाही.

मामाजींनी आरशात पाहिलं. त्यांनी गाडी थांबवली आणि किल्ली काढली. त्या सपाट गावात, चालू इंजिन, स्वतःच्या हाताने बंद केलं. मग उतरून ते त्यांच्याकडे चालत गेले.

"सवय झाली न जी," मामीजी म्हणाल्या.

मामाजींनी त्यांचे हात खाली केले. एवढ्या माणसांसमोर त्यांनी मामीजींचा हात धरलेला मी तरी आधी पाहिला नव्हता. म्हणाले, "चाल. गुडघ्याले जप." दोघं हळूहळू चालत आली. मामाजींनी पुढचं दार उघडलं, त्या बसेपर्यंत धरून ठेवलं, मग वळसा घालून आपल्या जागी येऊन बसले. समोर धानाला लोंब्या धरल्या होत्या आणि त्यावर उन्हाचा शेवटचा पिवळा हात फिरत होता. ती दोघं तिकडे बघत बसली. किल्ली फिरवायची आठवण बराच वेळ कोणाला झाली नाही, आणि मागच्या सीटवरून मीही ती करून दिली नाही.